सामंजस्य करारावर सह्या झाल्या, संयुक्त पीएच.डी. आणि संशोधन प्रकल्प आता उभा कसा करायचा?

आदानप्रदान_कक्ष (प्रश्न)

नमस्कार मंडळी. दोन देशांच्या सरकारांमध्ये विज्ञान-तंत्रज्ञान सहकार्याचा करार आहे. त्याच्या आधारावर दोन विद्यापीठांनी दोन पानी सामंजस्य करार केला आहे. आता प्रत्यक्ष काम सुरू करायचं आहे. कामं तीन आहेत. एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांनी एक सत्र पलीकडच्या विद्यापीठात घालवायचं आणि तिथले क्रेडिट मूळ पदवीत धरायचे. दोन्हीकडे नोंदणी असलेली पीएच.डी. सुरू करायची. आणि दोन्ही सरकारांच्या संयुक्त आवाहनासाठी (निधीसाठी प्रस्ताव मागवणाऱ्या जाहिरातीसाठी) मातीतल्या सूक्ष्मजीवांवरचा प्रस्ताव पाठवायचा. या प्रकल्पासाठी एक मापनयंत्र काही महिने पलीकडे न्यावं लागेल आणि मातीचे नमुने सीमा ओलांडतील.

सामंजस्य करारात या तिन्हींबद्दल एकेक वाक्य आहे, त्यापुढे काहीच नाही. आवाहनाची मुदत साडेचार महिन्यांवर आहे. कोणते कागद कोणत्या क्रमाने करावेत, क्रेडिटचा हिशेब कसा मांडावा आणि अशा कामात गाडं नेमकं कुठे अडतं, हे अनुभवी लोकांनी सांगावं. पेटंटच्या बाबतीत "निम्मं-निम्मं" असं लिहून टाकावं, असा दोन्हीकडचा सूर आहे.

---

करारनामा

सामंजस्य करार आहे तसाच राहू द्या, त्यात भर घालत बसू नका. त्याच्याखाली तीन वेगळे अंमलबजावणी करार करा: विद्यार्थी-देवाणघेवाणीचा, संयुक्त पीएच.डी.चा आणि प्रकल्पाचा. एकाच मोठ्या करारात सगळं कोंबलं की पेटंटच्या कलमावर विधी विभागांची पत्रापत्री चालू राहते आणि तेवढ्यात विद्यार्थ्यांचं सत्र हातचं जातं. तिन्ही कामांवर सही करणारे वेगळे, कायदे वेगळे आणि वेगही वेगळा.

पण त्याआधी सरकारी करार मुळापासून वाचा. तीन गोष्टी शोधा. पहिली मुदत. असे करार बहुधा पाच-पाच वर्षांचे असतात आणि नूतनीकरण आपोआप होईलच असं नाही. अमेरिका आणि चीन यांचा १९७९ चा करार २०२३ आणि २०२४ मध्ये सहा-सहा महिन्यांच्या मुदतवाढीवर चालला, मग काही महिने संपलेल्या अवस्थेत होता, आणि डिसेंबर २०२४ मध्ये व्याप्ती कमी करून पाच वर्षांसाठी वाढवला गेला. दुसरी गोष्ट बौद्धिक संपदेची पुरवणी. ती असेल तर विद्यापीठांना तिच्याशी विसंगत काही लिहिता येत नाही, आणि बऱ्याच जणांना ती आहे हेच शेवटी कळतं. तिसरी गोष्ट पैशांचं कलम. "प्रत्येक पक्ष आपापला खर्च करील, निधीच्या उपलब्धतेनुसार" असंच तिथे बहुतेक वेळा लिहिलेलं असतं. म्हणजे सरकारी करारामुळे दार उघडतं, पण एक पैसाही मिळत नाही. पैसा आवाहनातून येतो.

आवाहनात निधी कसा वाटला जातो ते आजच विचारा. एक पद्धत खऱ्या सामायिक निधीची: सगळे एका थैलीत टाकतात आणि गुणवत्तेच्या यादीप्रमाणे वाटप होतं. दुसरी, आणि जास्त प्रचलित, आभासी सामायिक निधीची: प्रत्येक देशाची संस्था फक्त आपल्याच संशोधकांना पैसे देते. तिसरी दोन्हींची मिसळ. आभासी पद्धतीत यादीत वर असलेला प्रकल्पसुद्धा पडतो, कारण एका देशाची रक्कम वरच्या प्रकल्पांमध्येच संपलेली असते. म्हणून ज्या देशाची रक्कम लहान, त्या बाजूची मागणी आटोपशीर ठेवा. प्रस्तावाचं अर्थकारण त्या बाजूवर ठरतं.

मूल्यमापन कोण करणार हेही पाहा. काही ठिकाणी आघाडीची एक संस्था परीक्षण करते आणि दुसरी तिचा निर्णय मान्य करते. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या निधीसंस्था वर्षानुवर्षं असं करतात. तसं नसेल तर दोन समित्या स्वतंत्रपणे तपासतील आणि दोघींची मंजुरी लागेल. मग दोन्हीकडे पाठवलेल्या प्रस्तावांत शीर्षक, कालावधी, सहभागींची नावं आणि कामाची विभागणी अक्षरशः एकच हवी. एका बाजूला ३६ महिने आणि दुसऱ्या बाजूला ३५, एवढ्यावरूनही प्रस्ताव छाननीतच बाद होतो.

निधी दोन्हीकडे एकाच दिवशी सुटत नाही, सहा-आठ महिन्यांचं अंतर पडतं. पहिल्या सहा महिन्यांचं काम असं आखा की दुसऱ्या बाजूचे पैसे आले नाहीत तरी ते थांबणार नाही. आणि सहीच्या अधिकाराचं पत्र मागून घ्या. विभागप्रमुखाची सही बहुतेक विद्यापीठांत विद्यापीठाला बांधत नाही.

---

परीक्षा_विभाग

क्रेडिटवर बोलतो, कारण विद्यार्थ्याचं खरं नुकसान इथे होतं आणि ते त्याला शेवटच्या सत्रात कळतं.

ईसीटीएस या युरोपीय क्रेडिट-हस्तांतर पद्धतीत पूर्ण वर्षाचे ६० क्रेडिट आणि एका क्रेडिटमागे विद्यार्थ्याचं २५ ते ३० तासांचं एकूण काम धरतात. त्यात व्याख्यानं, वाचन, प्रयोग, परीक्षेची तयारी सगळं आलं. ब्रिटनमध्ये वर्षाचे १२० असतात, म्हणजे दोनास एक. जपानमध्ये एक क्रेडिट म्हणजे ४५ तासांचा अभ्यास. म्हणून वर्गातले तास मोजून समतुल्यता काढू नका. आठवड्याला दोनच व्याख्यानं असलेला विषय ६ ईसीटीएसचा असू शकतो, आणि वर्गतासांवर बोट ठेवणारा विभाग त्याला "हलका" ठरवतो. दोन्हीकडच्या संपूर्ण वर्षाच्या भाराचं गुणोत्तर घ्या आणि तेच करारात लिहा.

गुणोत्तर लिहिल्यावरही चूक होते ती पूर्णांकात. समजा मूळ विद्यापीठात वर्षाचे ४० क्रेडिट आहेत. मग सत्राचे ३० ईसीटीएस म्हणजे २०. विद्यार्थ्याने ५-५ ईसीटीएसचे सहा विषय केले. एकेक विषय बदलला तर प्रत्येकी ३.३३ येतात, प्रणाली ते ३ करते, आणि एकूण १८ भरतात. सगळे विषय उत्तीर्ण होऊनही दोन क्रेडिट कमी पडले! म्हणून "रूपांतर संपूर्ण सत्राच्या बेरजेवर होईल, विषयवार नाही" हे वाक्य करारात पाहिजेच.

गुणांचं रूपांतर हा आणखी एक सापळा. जर्मनीत सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात: कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करा, त्याला कमाल वजा उत्तीर्णतेच्या गुणांनी भागा, तीनने गुणा, एक मिळवा. कमाल १००, उत्तीर्ण ४० आणि मिळाले ७० असतील तर १ + ३ × ३०/६० म्हणजे २.५. आता ज्या पद्धतीत ७० म्हणजे प्रथम श्रेणी आणि ८५ च्या वर जवळपास कोणी जात नाही, तिथला पहिल्या फळीतला विद्यार्थी या सूत्रात मध्यम ठरतो. सूत्राचं गणित बरोबर आहे. कागदावरची कमाल आणि प्रत्यक्षात दिली जाणारी कमाल यांत फरक असतो, तो त्याला दिसत नाही. त्यापेक्षा वितरण-तक्ता घ्या: त्या अभ्यासक्रमातल्या मागच्या किमान दोन वर्षांच्या उत्तीर्ण विद्यार्थ्यांपैकी किती टक्क्यांना कोणती श्रेणी मिळाली याचा. दोन्हीकडचे तक्ते शेजारी ठेवले की वरचे १० टक्के कुठे बसतात ते उघड दिसतं. २०१५ च्या ईसीटीएस मार्गदर्शिकेतही हीच पद्धत सुचवली आहे.

विद्यार्थी निघण्यापूर्वी शिक्षण-करारावर तीन सह्या हव्यात: विद्यार्थ्याची, पाठवणाऱ्या विद्यापीठाची आणि घेणाऱ्याची. पोहोचल्यावर विषय रद्द झाला किंवा वेळापत्रकात बसला नाही, तर किती आठवड्यांत बदल मान्य होईल तेही लिहा. इरॅस्मस या युरोपीय विद्यार्थी-देवाणघेवाण योजनेत निकाल लागल्यावर गुणपत्रक पाच आठवड्यांत पाठवण्याची अपेक्षा असते. तुम्हीही आकडाच लिहा, "लवकरात लवकर" नको. नापास झाल्यास फेरपरीक्षा कुठे? पुन्हा विमानप्रवास करायला लावणं अन्यायाचं आहे. मूळ विद्यापीठात पर्यवेक्षणाखाली परीक्षा किंवा पर्यायी विषय, यांतलं एक आधीच ठरवा.

आता संयुक्त पीएच.डी. दोन्ही शिक्क्यांचं एकच प्रमाणपत्र सगळ्यांना हवं असतं, पण कित्येक विद्यापीठांचा कायदा त्याला परवानगी देत नाही, आणि कायदा बदलायला वर्षं लागतात. सुरुवातीला दोन प्रमाणपत्रं घ्या. प्रत्येकावर "ही पदवी एकाच प्रबंधावर आणि एकाच मौखिक परीक्षेवर आधारित असून अमुक विद्यापीठाबरोबर संयुक्त देखरेखीत दिली आहे" असं लिहिलेलं असावं. नाहीतर पुढे कोणीतरी एकाच कामावर दोन पदव्या लाटल्याचा आरोप करतं. सोबत आठ विभागांची पदवी-पुरवणी द्या. तिच्या शेवटच्या विभागात देशाच्या शिक्षणव्यवस्थेचं वर्णन असतं, त्यामुळे परक्या देशातल्या अधिकाऱ्याला पदवीची पातळी कळते.

चौकट-करार एकदाच होतो, पण प्रत्येक विद्यार्थ्यासाठी स्वतंत्र करार लागतो. शुल्क कुठल्या एका ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी किमान किती महिने, प्रबंधाची भाषा, दुसऱ्या भाषेतल्या सारांशाची लांबी, परीक्षक कसे नेमायचे, मौखिक परीक्षा कुठे आणि परीक्षकांच्या प्रवासाचा खर्च कोणाचा, साहित्यचौर्य तपासणीचा नियम कुठला, हे सगळं त्यात येतं. दोन कलमं लोक विसरतात: मार्गदर्शक संस्था सोडून गेला तर काय, आणि संयुक्त व्यवस्था मोडली तर विद्यार्थी एका विद्यापीठाच्या साध्या पीएच.डी.त कसा परतेल. सही पहिल्या वर्षातच व्हावी. नंतर मागची नोंदणी धरायला बरीच विद्यापीठं नकार देतात.

मान्यतेचं म्हणाल तर दोन्ही देश कोणत्या पदवी-मान्यता कराराचे पक्ष आहेत ते तपासा. १९९७ च्या लिस्बन करारानुसार भरीव फरक दाखवून देण्याची जबाबदारी पदवी तपासणाऱ्या संस्थेवर असते, विद्यार्थ्यावर नाही. युनेस्कोचा जागतिक करार नोव्हेंबर २०१९ मध्ये स्वीकारला गेला आणि ५ मार्च २०२३ पासून लागू झाला, पण तो ज्या देशांनी मान्य केला त्यांच्यापुरताच.

---

आदानप्रदान_कक्ष

सत्राच्या बेरजेचा मुद्दा लगेच घेतला, मसुद्यात विषयवारच लिहिलं होतं. @करारनामा, आवाहन आभासी पद्धतीचं आहे आणि दोन समित्या आहेत, आजच कळलं. पेटंटचं मात्र कोणीच बोललं नाही. निम्मी-निम्मी मालकी लिहिण्यात अडचण काय आहे?

---

हक्कनोंद

अडचण अशी की "संयुक्त मालकी" या दोन शब्दांचा अर्थ प्रत्येक देशाच्या कायद्यात वेगळा लागतो. अमेरिकेत सहमालक दुसऱ्याला न विचारता आणि त्याला वाटा न देता शोध वापरू शकतो आणि परवानाही देऊ शकतो. ब्रिटन, जपान, भारत या देशांत परवाना द्यायला दुसऱ्या सहमालकाची संमती लागते. करार गप्प असेल तर एकाच शोधाला एका देशात कोणालाही परवाना मिळेल आणि दुसऱ्या देशात एका सहीवाचून सगळं ठप्प होईल. उद्योगातला कोणी अशा पेटंटला हात लावत नाही.

तेव्हा चार गोष्टी लिहा. आधीपासूनचं ज्ञान कोणाचं, त्याची नावनिशीवार यादी: सॉफ्टवेअर, जीवाणूंचे वाण, माहितीसंच. यादीत जे नाही ते प्रकल्पात मोकळेपणाने वापरू नका. नवे निष्कर्ष ज्याने निर्माण केले त्याचे. खरोखरच वेगळे करता आले नाहीत तरच संयुक्त. संयुक्त असतील तर अर्ज कोण करणार, खर्च कसा वाटणार, परवाना कोण देणार आणि किती दिवसांत उत्तर न आल्यास संमती धरायची. आणि अध्यापन व पुढच्या संशोधनासाठी दोघांनाही कायमचा मोफत वापर. हे शेवटचं सोडू नका, विद्यापीठाचं मूळ कामच ते आहे.

प्रकाशनाची पूर्वसूचना दिवसांत लिहा. होरायझन युरोप या युरोपीय संघाच्या संशोधन-निधी योजनेच्या नमुना करारात, वेगळं ठरलं नसेल तर, १५ दिवसांची सूचना आणि १५ दिवसांत हरकत असा नियम आहे. आधीच्या होरायझन २०२० मध्ये ४५ आणि ३० दिवस होते. हरकत आली तरी लेख कायमचा अडवता येणार नाही, अमुक दिवस लांबवता येईल, असंही लिहा. विद्यार्थ्याचा प्रबंध ओलीस राहता कामा नये.

प्रबंधावरूनच आणखी एक गोष्ट. युरोपमध्ये पेटंटसाठी नावीन्य पूर्ण लागतं. अर्जाच्या आदल्या दिवशी प्रबंध ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर आला तरी हक्क गेला. अमेरिका आणि जपानमध्ये एक वर्षाची सवलत आहे, त्यामुळे तिकडचा मार्गदर्शक निर्धास्त असतो आणि युरोपातला हक्क बुडतो. संयुक्त पीएच.डी.त प्रबंध दोन ठिकाणी जमा होतो, तेव्हा दोन्ही ग्रंथालयांना तो रोखून ठेवायची एकच तारीख कळवा.

आणि जे हमखास राहून जातं ते: परदेशात अर्ज करण्याची परवानगी. संशोधक दोन देशांत राहणारे असतील तर पहिला अर्ज कुठल्याही एका देशात टाकला की दुसऱ्या देशाचा नियम मोडू शकतो. भारतात आधी परवानगी घ्यावी लागते किंवा इथे अर्ज करून सहा आठवडे थांबावं लागतं. अमेरिकेचा आणि चीनचाही असा नियम आहे. कोणत्या शोधकर्त्याने कुठे बसून काय केलं याची तारीखवार नोंद ठेवा, परवानगी मागताना तीच लागते.

---

यंत्रशाळा

तुमचं यंत्र आणि नमुने यांवर लिहितो.

यंत्र परत येणार आहे ना, मग विक्रीसारखं निर्यात करू नका. दोन्ही देश एटीए कार्नेट (माल तात्पुरता, शुल्क न भरता नेण्याचा सीमाशुल्काचा कागद) मानत असतील तर ते घ्या. ते जास्तीत जास्त एक वर्ष चालतं. यादीतला अनुक्रमांक आणि यंत्रावरच्या पट्टीवरचा अनुक्रमांक जुळलाच पाहिजे. जातानाच्या आणि येतानाच्या अशा सगळ्या शिक्क्यांची पानं नीट भरली नाहीत, तर यंत्र घरी परत आल्यावरसुद्धा पलीकडच्या सीमाशुल्काची मागणी येते. कार्नेट वापरात संपणाऱ्या वस्तूंना चालत नाही: रसायनं, गाळण्या, नळ्या वेगळ्या पाठवा. यंत्र कायमचं द्यायचं असेल तर युनेस्कोचा १९५० चा फ्लॉरेन्स करार पाहा; मान्यताप्राप्त संस्थेला वैज्ञानिक उपकरणावर आयातशुल्क माफ होऊ शकतं. अट अशी की तसंच उपकरण त्या देशात बनत नसावं, आणि ही माफी माल निघण्याआधीच मिळवायची असते.

निर्यात-नियंत्रण फक्त क्षेपणास्त्रवाल्यांसाठी असतं असं समजू नका. वासेनार व्यवस्था या निर्यात-नियंत्रणाच्या आंतरराष्ट्रीय समझोत्याच्या याद्यांत लेसर, संवेदक, उष्णता टिपणारे कॅमेरे, गुप्तसंकेतनाचं सॉफ्टवेअर सगळं येतं. ठराविक सूक्ष्मजीव आणि किण्वन-टाक्या यांच्या याद्या ऑस्ट्रेलिया गटाकडे (रासायनिक-जैविक शस्त्रांचा प्रसार रोखणाऱ्या देशांच्या गटाकडे) आहेत, म्हणजे तुमचा विषय तिथे थेट भिडतो. वस्तूच नाही, तंत्रज्ञानही नियंत्रित असतं. अमेरिकेत परदेशी संशोधकाला नियंत्रित तंत्रज्ञान प्रयोगशाळेतच दाखवणं हीसुद्धा निर्यात मानली जाते. मूलभूत संशोधनाला सूट असते, पण निष्कर्ष खुले प्रसिद्ध होणार असतील तरच. करारात गुप्ततेचं कलम कडक केलं की ती सूट स्वतःच्या हाताने घालवता.

मातीचे नमुने: दोन स्वतंत्र परवाने डोक्यात ठेवा. एक वनस्पती-संगरोधाचा, कारण मातीबरोबर कीड आणि रोगजंतू जातात. हा आयात करणारा देश देतो आणि त्यात निर्जंतुकीकरणाची अट असू शकते. तुम्हाला जिवंत सूक्ष्मजीव हवे असतील तर तापवलेली माती निरुपयोगी. तेव्हा बंदिस्त प्रयोगशाळेची मान्यता पलीकडच्यांकडे आहे का, ते आधी विचारा. दुसरा परवाना नागोया प्रोटोकॉलचा. तो २०१० मध्ये ठरला आणि १२ ऑक्टोबर २०१४ पासून लागू आहे. जनुकीय संसाधन ज्या देशातलं, त्याची पूर्वसंमती आणि परस्परमान्य अटी लागतात. अटींत लाभवाटप येतं. ही प्रक्रिया महिनोन्‌महिने चालते, म्हणून निधी मंजूर व्हायची वाट न पाहता अर्ज तयार ठेवा. पर्याय म्हणून डीएनए इकडेच वेगळा करून फक्त क्रमवारीची माहिती पाठवता येईल का पाहा, पण काही देशांचे कायदे डिजिटल क्रमवारीलाही लागू होतात.

यंत्रं आणि सुटे भाग एकमेकांना पुरवायचे ठरवलं असेल तर त्या भागांच्या जोडणीवर एक अक्षरही मोघम ठेवू नका. अणुसंमीलन-ऊर्जेचा आयटर प्रकल्प हे याचं सगळ्यात मोठं उदाहरण. २००६ मध्ये सात सदस्यांनी करार केला: युरोपचा वाटा सुमारे ४५ टक्के, चीन, भारत, जपान, कोरिया, रशिया आणि अमेरिका प्रत्येकी सुमारे ९ टक्के, आणि त्यातलं बहुतांश योगदान पैशात नाही तर तयार भागांत. निर्वात-पात्राचे नऊ भाग कोरिया आणि युरोपने वाटून घेतले. २०२२ मध्ये दिसून आलं की आलेल्या भागांच्या वेल्डिंगच्या कडा ठरलेल्या मापांत बसत नाहीत; दुरुस्तीने जोडणी लांबली. देणाऱ्याच्या कारखान्यात मापलेलं आणि घेणाऱ्याच्या जागी मापलेलं यांत फरक पडला तर कोण दुरुस्त करणार आणि खर्च कोणाचा, हे तुमच्या छोट्या प्रकल्पातही लिहायला अर्धं पान लागतं. ते अर्धं पान लिहा.

---

प्रवेगक

वरचं सगळं उपयोगी आहे, पण एक वेगळं मत नोंदवतो. बंधनकारक कागदांचा ढीग म्हणजे सहकार्य नव्हे. सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडर या कण-प्रवेगकावरचे अ‍ॅटलस आणि सीएमएस हे प्रयोग शेकडो संस्था आणि डझनांनी निधीसंस्था मिळून चालवतात, आणि त्यांचे सामंजस्य करार कायद्याने बंधनकारक नाहीत, तसं त्यांत लिहिलेलंच आहे. तरी कण टिपणारी यंत्रं उभी राहिली. कारण पाठपुराव्याची यंत्रणा: सर्न आणि निधीसंस्थांचे प्रतिनिधी संसाधन आढावा मंडळात वर्षातून दोनदा बसतात, कोणी काय द्यायचं होतं आणि काय दिलं याचा तक्ता सगळ्यांसमोर असतो, आणि देखभालीचा खर्च ठरलेल्या सूत्राने वाटला जातो. तुमच्या करारात अशा आढाव्याचं एक कलम घाला, सहा महिन्यांनी एकदा, दोन्हीकडच्या वित्त अधिकाऱ्यांसह. फक्त प्राध्यापक बसले तर विज्ञानावर छान चर्चा होते आणि थकलेली रक्कम तशीच राहते.

---

करारनामा

@प्रवेगक, आढाव्याच्या कलमाशी पूर्ण सहमत. पण सर्नच्या मागे सरकारांमधला १९५३ चा करार आहे, जो १९५४ मध्ये लागू झाला, आणि सदस्य देशांची वर्गणी त्याखाली सक्तीची आहे. प्रयोगांचे करार सैल राहू शकतात कारण त्यांच्याखालचा पाया पक्का आहे. दोन विद्यापीठांकडे तो पाया नसतो. यंत्रावरच्या कामात सैलपणा चालेल. विद्यार्थ्याची पदवी, विमा आणि विद्यावेतन यांत नाही, तिथे बंधनकारकच हवं.

---

आदानप्रदान_कक्ष

समजलं. शेवटचा प्रश्न. दोन सरकारांचे संबंध मध्येच बिघडले तर? विद्यार्थी तिकडे असतील, यंत्रही तिकडेच असेल.

---

करारनामा

हे काल्पनिक नाही, करारात धरूनच चाला. ब्रिटन २०२१ पासून होरायझन युरोपबाहेर लटकत राहिलं आणि १ जानेवारी २०२४ पासून सहयोगी झालं. मधल्या काळात ब्रिटिश सरकारने हमी-निधी काढला म्हणून कित्येक संशोधकांचं काम टिकलं. सर्नने रशियाबरोबरचं सहकार्य ३० नोव्हेंबर २०२४ रोजी संपवलं.

तर, विद्यार्थ्यांसाठी: नोंदणी झालेल्या प्रत्येकाला अभ्यासक्रम पूर्ण करू द्यायची दोन्ही विद्यापीठांची हमी, करार संपला तरी ती टिकून राहील अशा शब्दांत. तिकडे राहणं शक्य नसेल तर तोपर्यंतचे क्रेडिट गोठवून मूळ विद्यापीठाने स्वीकारायचे आणि मौखिक परीक्षा दूरदृश्य पद्धतीने घ्यायची. त्यासाठी क्रेडिटची नोंद दर सत्राला दोन्हीकडे जायला हवी. पदवीच्या वेळी एकदम मागवायचं ठरवलं तर नेमक्या त्याच वेळी पलीकडून उत्तर येत नाही.

माहितीसाठी: कच्च्या नोंदींची पूर्ण प्रत दोन्ही ठिकाणी, दर महिन्याला, सांकेतिक खुणांच्या अर्थासकट. त्यात माणसांची वैयक्तिक माहिती असेल तर ती युरोपबाहेर न्यायला वेगळं संरक्षण लागतं, युरोपीय आयोगाच्या जून २०२१ च्या प्रमाणित कलमांची पुरवणी जोडा. नावं काढून क्रमांक टाकले तरी ज्याच्याकडे नाव-क्रमांक जुळवायची किल्ली आहे त्याच्या हातात ती माहिती वैयक्तिकच राहते.

यंत्रासाठी: मालकी कोणाची ते करारात आणि यंत्रावरच्या चिकटपट्टीवर, दोन्ही ठिकाणी. परतीच्या वाहतुकीचा खर्च कोणाकडे, परवानगी न मिळाल्यास यंत्र कोणाच्या ताब्यात आणि विमा कोण भरत राहणार. कार्नेटची मुदत या गोंधळात संपू शकते, म्हणून मुदतीच्या दोन महिने आधी ते देणाऱ्या संस्थेला कळवायची जबाबदारी एका पदाच्या नावावर टाका, माणसाच्या नावावर नको.

पहिल्या दोन आठवड्यांत सरकारी कराराची पुरवणी वाचा, सहीचे अधिकार तपासा आणि संगरोधाचा व नागोयाचा अर्ज सुरू करा. विद्यार्थी-करार दुसऱ्या महिन्यात सहज होतो. प्रस्ताव पाठवायच्या आधी प्रकल्प-कराराच्या मुख्य मुद्द्यांचा एक पानी टिपण दोन्हीकडून मान्य करून घ्या. पूर्ण करार निधी मंजूर झाल्यावर, पण पहिला हप्ता खर्च करण्याआधी.

---

परीक्षा_विभाग

एवढंच जोडतो: व्हिसाचा प्रकार शिक्षण-कराराशी जुळवा. युरोपीय संघात संशोधक म्हणून जायचं तर २०१६ च्या ८०१ क्रमांकाच्या निर्देशाप्रमाणे यजमान संस्थेशी वेगळा यजमान-करार लागतो. संयुक्त पीएच.डी.चा विद्यार्थी तिथे विद्यार्थी की संशोधक, यावर विमा, कर आणि सोबत कुटुंब नेण्याचा हक्क ठरतो. नोंदणी विद्यार्थी म्हणून आणि पगारपत्रक संशोधक म्हणून असं झालं, तर दोन्ही कार्यालयं एकमेकांकडे बोट दाखवतात आणि निवासाचा परवाना अडकतो. वैयक्तिक कराराच्या पहिल्याच कलमात दर्जा लिहा.